मंगळवार, पावणेनऊ

जाकीट आणलंस ते पुरुषाचं.
राखाडी, कोपरांवर झिजलेलं, तिसरं बटण गायब.
"भावाचं आहे," म्हणालीस
आणि येर्बाचा पेला माझ्या हातातून ओढून घेतलास,
तुझी पाळी नसताना.

नोएमी, तुझा भाऊ सहा वर्षं झाली दक्षिणेत
तेलाच्या विहिरींवर आहे, आणि त्याचे खांदे
यात मावायचे नाहीत. मी शिंपीण आहे.
माणसं मला आधी मापाने आठवतात, चेहऱ्याने नंतर.

हे माप ओळखीचं आहे.
तीन वर्षांपूर्वी मीच दिला होता तुला त्याचा नंबर,
औषधाच्या चिठ्ठीमागे, पेन्सिलीने.
त्याच्या दिवाणावर मीही पडून होते एक अख्खा हिवाळा,
आई गेल्यावर, छताच्या तड्याकडे बघत.
त्याची खुर्ची डोक्यामागे. तो दिसायचा नाही,
नुसता बडीशेपेच्या गोळीचा वास
आणि पन्नासाव्या मिनिटाला:
"आज इथे थांबूया."
मी उठायचे, नाक पुसायचे, कोपऱ्यावर बस धरायचे.

तू बरी होत होतीस, हे कबूल करायला हवं.
लिफ्टमध्ये एकटी चढलीस.
चार दिवसांच्या त्या बाळाचं नाव
माझ्या स्वयंपाकघरात मोठ्याने घेतलंस.
मग मंगळवार-शुक्रवारच्या मध्ये बुधवार शिरला.
मग वेळ सरकली, चारची सहा, सहाची पावणेनऊ,
जेव्हा खालचा पहारेकरीही घरी जेवायला बसलेला असतो.
मग "डॉक्टर" गळून पडला तुझ्या बोलण्यातून
आणि उरला नुसता लिसान्द्रो,
सोललेल्या संत्र्यासारखा.

परवा जेवताना मी सहज विचारलं, फी वाढवली का गं त्याने?
"पैसे घेत नाही आता."
काटा-सुरी थांबलीसुद्धा नाही तुझी.
मग तू काय देतेस, हे वाक्य
मी टाचणीसारखं ओठांत धरून ठेवलं.
शिंप्यांना सवय असते.

चोराच्या मनात चांदणं, असंही असेल.
मलाही एकदा वाटलं होतं
मान वळवावी आणि बघावं खुर्चीत कोण आहे ते.
वळवली नाही.
आणि आता रात्री झोप लागत नाही तेव्हा
नेमकं काय खुपतं, ते तपासायला मी धजत नाही:
तो तुझ्यासाठी थांबत नाही हे,
की माझ्यासाठी वेळेवर थांबला ते.

पण त्याला तुझं सगळं ठाऊक आहे, नोएमी.
वडिलांचा पट्टा कुठल्या खिळ्याला लटकायचा ते,
दूध कसं आटलं ते,
कुठे बोट ठेवलं की तू कोसळतेस आणि कुठे ठेवलं की हसतेस.
तुला त्याचं काय ठाऊक?
एवढं एक जाकीट, तेही दुरुस्तीला माझ्याकडे.
राखण करायला म्हणून आपणच उभं केलेलं कुंपण,
आणि मला दिसतंय त्याच्या दातांना हिरवं लागलेलं.
दिसतंय की भासतंय, ते सांगता येत नाही.

गेल्या मंगळवारी मी त्याच्या इमारतीसमोर उभी होते,
जॅकरंडाखाली, हातात कुणाच्या तरी पडद्यांची पिशवी,
कारण म्हणून आणलेली.
पारानाकडून गाळाचा वास येत होता.
पावणेदहाला तिसऱ्या मजल्यावरचा दिवा गेला.
दारातून कुणी आलं नाही.
एकशे त्रेपन्न नंबरची बस दोनदा गेली, रिकामीच.

आज विचारणारच होते. "नोएमी," म्हणालेही.
तू दाराशी वळलीस, हात जरासा वर केलास,
आणि हसून, त्याच्याच सुरात,
त्याच्याच त्या लहानशा श्वासासकट,
"आज इथे थांबूया."

डबा उपडा करून बसले आहे.
राखाडी बटणं होती. दोन होती, अगदी जुळणारी.
मी तपकिरी लावलं,
दुहेरी दोऱ्याने, गाठ आतून नाही, वरून.
घालताना त्याचा अंगठा अडखळेल तिथे.
कळेल त्याला कुणीतरी मोजतंय.
की तूच बघशील आधी, आणि
जुना काळा कोट घेऊन पुन्हा कधी
माझ्याकडे येणारच नाहीस?

दोरा दाताने तोडायचा राहिलाय अजून.